व्हेंडेलकाका आणि न बसणारी वाटी

आमच्या केरेकहालोम गावाला ना चढ आहे ना उतार. टिसा नदीने गाळ आणून आणून सगळा मुलूख पोळपाटासारखा करून ठेवलाय. त्यामुळे इथे ज्याला त्याला सायकल. फादर सायकलवर, डॉक्टरीणबाई सायकलवर, आणि लग्नाची वरात निघाली की अकॉर्डियनवालासुद्धा सायकलवर. फक्त तेव्हा त्याला मागून कुणीतरी धरावं लागतं. मी पोस्टात वाटपाचं काम करते, म्हणजे दिवसाचे सहा तास सायकलच्या सीटवरच. तेव्हा व्हेंडेल चोर्दाश हा माणूस मला डॉक्टरीणबाईंपेक्षा महत्त्वाचा होता, हे मी मोकळेपणाने सांगते.

व्हेंडेलकाका कालव्यावरच्या पंपघरात चौतीस वर्षं मेकॅनिक होते. बर्फ वितळून शेतात पाणी साचलं की ते उपसून नदीत टाकायचं, हे पंपघराचं काम. १९९० साली तिथे बटणांची नवी पेटी आली आणि काकांना भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडत होतं. निरोपाच्या संध्याकाळीच काकांनी ते उघडून दुरुस्त केलं. राग मात्र दुरुस्त झाला नाही. "चौतीस वर्षं घेतली आणि घड्याळसुद्धा धड दिलं नाही," असं ते दोन वर्षं म्हणत होते. त्या दोन वर्षांत त्यांनी कालव्याच्या दिशेने पाऊलही टाकलं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात दुरुस्तीचं बस्तान मांडलं. गिझीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तिथे फक्त चूल आणि मुरंब्याची कढई एवढ्यावरच हक्क राखला. बाकी सगळीकडे डबे. वाटाण्यांचे डबे, मिरचीपुडीचे डबे, आणि प्रत्येकात नट, बोल्ट, छर्रे, कॉटर पिना. पैसे ते घेत नसत. कुणी अंडी द्यायचं, कुणी घरच्या आलुबुखारांची दारू, म्हणजे पालिंका.

अंगणाच्या मधोमध त्यांची मोटारसायकल उभी असायची. इंजिन चेक बनावटीचं, साइडकार रशियन, पुढचं चाक पूर्व जर्मनीचं. या तीन देशांचं एकमेकांशी जेवढं जमत होतं तेवढंच या तीन भागांचं जमायचं. गाडी खोलायला तीन मापांचे पान्हे लागत. काका चौथाही बरोबर ठेवायचे, कारण एक बोल्ट त्यांनी स्वतः घडवला होता आणि त्याचं माप जगात दुसरं कुठेच नव्हतं. साइडकारमध्ये गिझीकाकू मांडीवर छत्री घेऊन बसायच्या. ऊन-पावसासाठी नाही, गाडी बंद पडली की पाय मोकळे करताना काठी म्हणून.

या माणसाच्या तोंडून एक वाक्य गावाने कधी ऐकलं नव्हतं: "हे होणार नाही." न होण्यासारखी गोष्ट आली तर ते म्हणायचे, "दोन दिवसांनी ये."

१९९२च्या मार्चमध्ये एटेल्कामावशींची सायकल आली. मावशी सत्तरीच्या, उंच, ताठ. आल्या त्याच सायकल ढकलत.

"व्हेंडेल, पायडल मारलं की आतून कडकड आवाज येतो. कुणीतरी अक्रोड फोडतंय जसं."

काकांनी सायकल उलटी केली आणि खोलली. आता हे थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन्ही पायडलांना जोडणारा दांडा सांगाड्याच्या खालच्या नळीतून आरपार जातो. नळीच्या दोन्ही तोंडांना एकेक पोलादी वाटी आट्यांवर पिळून बसवलेली असते. वाटीत छर्रे, आणि छर्‍यांवर दांडा फिरतो. एटेल्कामावशींची उजवी वाटी तडकून दोन तुकडे झाली होती.

"एवढंच ना," काका म्हणाले. "दोन दिवसांनी ये."

दोन दिवसांनी त्यांच्याकडचे सगळे डबे रिकामे करून झाले होते आणि एकही वाटी बसली नव्हती. नळीचं माप साडेपस्तीस मिलिमीटर निघालं. "साडेपस्तीस!" काका मला म्हणाले, जणू मीच ती नळी ओतली होती. "पस्तीस असतं. छत्तीस असतं. साडेपस्तीस कुणाच्या बापाने केलं?"

सायकलवर कारखान्याचं नावच नव्हतं. एटेल्कामावशींच्या नवर्‍याने, गेलेल्या मिहायकाकांनी, ती १९५८ साली सोल्नोकच्या जत्रेत घेतली होती. एक नाही, दोन घेतल्या होत्या, अगदी जुळ्या. एक बायकोला, एक बहिणीला.

आणि दहा दिवसांनी ती दुसरी आली.

मिहायकाकांची बहीण म्हणजे बोर्बालामावशी. बुटक्या, गोल, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. एटेल्का आणि बोर्बाला या नणंद-भावजया एकमेकींशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. मिहायकाका गेले तेव्हा एटेल्कामावशींनी कबरीच्या दगडावर कोरून घेतलं: "पत्नीकडून, प्रेमाने." बहिणीचा उल्लेख नाही. बोर्बालामावशींनी दगड पाहिला, फुलं ठेवली, आणि त्या दिवसापासून तोंड बंद. कबरीवर दोघी जायच्या, पण एक सकाळी, एक दुपारी. चुकून गाठ पडू नये म्हणून. दफनभूमी कालव्यापलीकडे तीन किलोमीटर, म्हणजे सायकलशिवाय जाणं नाही.

"कडकड आवाज येतो," बोर्बालामावशी म्हणाल्या.

काकांनी खोललं. डावी वाटी तडकलेली. तेच साडेपस्तीस.

मी त्या दिवशी पत्र द्यायला गेले होते. काका दोन्ही सायकलींच्या मधे बाकावर बसले होते, एका हातात एकीची चांगली डावी वाटी, दुसर्‍या हातात दुसरीची चांगली उजवी. चेहरा असा, की या दोन वाट्यांपैकी एक विषाची आहे आणि कुठली ते कळत नाहीये.

"इल्का," ते म्हणाले, "यांतून एक सायकल होते."

"मग करा की."

"कुणाची करू?"

गिझीकाकू चुलीशी नूडल्सवर खसखस पेरत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "दोघींची कर. पाळीपाळीने वापरतील. तू वाट्या शोधून आणेपर्यंत."

"त्या बोलत नाहीत गं एकमेकींशी!"

"सायकल चालवायला बोलावं लागतं का?"

अशी ती सायकल झाली. सांगाडा एटेल्कामावशींचा घेतला. मग बोर्बालामावशींना वाईट वाटू नये म्हणून चाकं त्यांची घातली. हँडल एटेल्कामावशींचं, टोपली बोर्बालामावशींची. सीटवरून वाद होण्याआधीच गिझीकाकूंनी माळ्यावरची तिसरीच सीट आणून दिली. सकाळी सायकल एटेल्काची. बाराची घंटा वाजली की ती काकांच्या अंगणात आणून लावायची. सव्वाबाराला बोर्बालाने न्यायची आणि संध्याकाळी परत आणून ठेवायची. मधली पंधरा मिनिटं काकांनी स्वतःच मधे ठेवली होती, अपघात टाळायला.

"फक्त दोन आठवडे," काकांनी दोघींना वेगवेगळं सांगितलं.

आता अडचण उंचीची. एटेल्कामावशी बगळ्यासारख्या, बोर्बालामावशी टरबुजासारख्या. रोज दुपारी बरोबर सूप ताटात पडलं की काकांना उठून सीट एक वीत खाली करावी लागायची, आणि रात्रीच्या जेवणाआधी एक वीत वर. चौथ्या दिवशी ते विसरले. बोर्बालामावशींनी सीटवर चढायचा तीनदा प्रयत्न केला आणि मग सायकल ढकलत कबरीपर्यंत चालत गेल्या. दुसर्‍या दिवशी टोपलीत चिठ्ठी होती.

पोस्टातल्या बाईने दुसर्‍यांची पत्रं वाचायची नसतात. पण या चिठ्ठीवर तिकीट नव्हतं, म्हणजे ती पोस्टाच्या कारभारात येत नव्हती. मी वाचली. "सीट खाली करून ठेवायची. सगळ्यांचेच पाय बगळ्याचे नसतात."

दुपारी उत्तर आलं. "सीट खाली करायला पान्हा लागतो. जीभ कामाची नाही."

संध्याकाळी: "पुढच्या चाकात हवा कमी आहे. माझी चाकं तुला मिळाली म्हणून वाटेल तशी वापरायची नाहीत."

सकाळी: "हवा कमी नाही. वजन जास्त आहे."

मी रोज बाराला त्या अंगणात काहीतरी निमित्त काढून जायला लागले. निमित्त शोधावंही लागत नव्हतं, कारण एव्हाना काकांनी अर्ध्या युरोपला पत्रं लिहिली होती आणि त्यांची पार्सलं माझ्याच पिशवीतून यायची.

त्याआधी ते मोटारसायकल घेऊन सोल्नोकला जाऊन आले होते. तिथे नवीन दुकान निघालं होतं, काचेचं, आत रंगीत सायकली छताला टांगलेल्या. काकांनी फुटकी वाटी काउंटरवर ठेवली. दुकानातला मुलगा ती दोन बोटांनी उचलून म्हणाला, "काका, हे आता कोण वापरतं? आता अख्खा संच सीलबंद येतो. खोलायचाच नाही."

"आणि बिघडला तर?"

"फेकायचा."

"आणि माझ्या नळीत बसतो का तो?"

"नाही. त्यासाठी सायकल बदलायची."

काका बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते, असं गिझीकाकू सांगतात. येताना रस्त्यात कार्ब्युरेटर तुंबला. काकांनी तो शेताच्या कडेला रुमालावर खोलला, फुंकला, जोडला, आणि पूर्ण वेळ त्याच्याशी बोलत होते: "बघ, तू निदान खोलता तरी येतोस. गुणाचा आहेस तू."

मग पार्सलं. गिझीकाकूंच्या भाचीने इटलीहून वाटी धाडली. छत्तीसची निघाली, आतच जाईना. काकांनी कानस घेऊन घासली. माप जमलं, पण आटेच घासून गेले. एका ओळखीच्या ड्रायव्हरने फ्रान्सहून आणली. पस्तीसची. ती आत गेली, आणि दुसर्‍या बाजूने बाहेर पडून गिझीकाकूंच्या कोंबड्यांत गेली. मे महिन्यात ब्रनोहून काकांच्या मावसभावाचं पार्सल आलं. काकांनी माझ्यासमोर व्हर्निअर, म्हणजे मापाचा चिमटा, लावला आणि दोनदा मोजलं.

"साडेपस्तीस."

गिझीकाकूसुद्धा हात पुसत आल्या. काकांनी वाटी नळीच्या तोंडाशी धरली आणि फिरवली. ती फिरली, पण आत जाईना. पुन्हा. डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग इतक्या शांतपणे बाकावर ठेवली की मला भीती वाटली.

"उलटे आटे आहेत," ते म्हणाले. "माप बरोबर. आटे उलटे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे सगळं जग उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं, आणि ही डावीकडे. देवाने एकच वाटी दिली, तीही पाठमोरी."

त्या संध्याकाळी त्यांनी जेवण केलं नाही. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले होते. गावात लोक विचारायला लागले होते. न्हाव्याच्या दुकानात दॉम्पॉश न्हावी दाढी करता करता म्हणायचा, "व्हेंडेलला वाटी सापडली का रे?" आणि सगळी खुर्च्यांवरची माणसं हसायची.

इकडे चिठ्ठ्या चालूच होत्या. पण जूनमध्ये त्यांचा सूर जरा बदलल्यासारखा मला वाटला. "कबरीवरचं जिरेनियम वाळलंय. तू पाणी देतेस की नुसती दाखवतेस?" "मी सकाळी देते. दुपारच्या उन्हात देणार्‍याने बोलू नये." "मिहायला जिरेनियम आवडतच नव्हतं." यावर एक दिवस उत्तर आलं नाही. मग आलं: "ठाऊक आहे. दुसरं काही जगत नाही तिथे."

जुलैत गिझीकाकूंचा संयम संपला. दुपारचं सूप सलग चौथ्या महिन्यात थंड होत होतं.

"व्हेंडेल, पंपघरात लेथ आहे. दोन वाट्या बनव आणि मोकळा हो."

"त्या घरात मी पाय ठेवणार नाही."

"मग मी जाते. मला लेथ चालवता येत नाही, पण मी तिथे बसून रडेन, आणि ते लोक तुला बोलावून घेतील. कुठलं चालेल?"

काका गेले. सकाळी दहाला, अंगावर जुना निळा डगला चढवून, खिशात चावी घेऊन. ही चावी त्यांनी निवृत्त होताना परत करायची होती आणि ते विसरले होते. म्हणजे ते विसरले होते असं ते म्हणतात. मागच्या खोलीचं कुलूप उघडलं. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, ताडपत्री होती. त्यांनी ती काढली, धूळ पुसली, तेल घातलं, आणि यंत्र सुरू करणार एवढ्यात मागून आवाज आला.

"आपण कोण?"

नवीन इंजिनिअर होता, किलियान नावाचा, तिशीचा, बुडापेस्टचा.

"मी पंप तपासायला आलोय," काका म्हणाले.

"पंप त्या बाजूला आहे."

"मला सांगतोस पंप कुठे आहे? मीच बसवलाय तो!"

पुढचं मला दोघांकडूनही कळलं, आणि दोघांचं थोडं वेगळं आहे. पण एवढं खरं, की काकांना हाताला धरून बाहेर काढायचा विचार इंजिनिअरच्या मनात आला होता. दोघं बाहेर पडले तर दाराशी इंजिनिअरची मोटारसायकल उभी होती. चकचकीत, परदेशी, नवी. तिला डाव्या बाजूचा आरसा होता. उजव्या बाजूचा दोरीने हँडलला बांधलेला होता.

काका थांबले. "हे काय?"

"पडला होता. नवा मागवला. बसत नाही. तीन आठवडे झाले, तीन आरसे मागवले. तिन्ही चुकीचे आले."

काकांनी दोरी सोडली. आरशाचा दांडा भोकात धरला आणि डावीकडे फिरवला. सरसर आत गेला आणि घट्ट बसला.

"उलटे आटे," काका म्हणाले. "उजव्या आरशाला काहीजण मुद्दाम उलटे ठेवतात. कुणाचा धक्का लागला तर मोडण्याऐवजी सैल पडावा म्हणून. तीन आरसे, म्हणे."

इंजिनिअरने आरसा ओढून पाहिला, तो हलेना. मग म्हणाला, "लेथवर काय बनवायचं होतं तुम्हाला?"

काकांनी एका जुन्या पंपाच्या मोडक्या दांड्यातून दोन वाट्या कातल्या. दोन दिवस लागले. किलियान शेजारी उभा राहून विचारत होता आणि काका चिडून सांगत होते, आणि दुसर्‍या दिवशी संध्याकाळी त्यांनी त्याला एक आटा स्वतः पाडू दिला. वाकडा पडला. "पहिला सगळ्यांचाच वाकडा पडतो," काका म्हणाले. घरी आल्यावर हे वाक्य त्यांनी गिझीकाकूंना सांगितलं नाही; मला सांगितलं.

मग पोलाद कडक करायचं होतं. लाल तापवून तेलात बुडवायचं. तेल पुरेसं नव्हतं, म्हणून काकांनी गिझीकाकूंची हंसाच्या चरबीची बरणी घेतली. वाट्या आत गेल्या, चर्रर्र आवाज झाला, आणि शेजारच्या तीन घरांतली माणसं कुंपणावर येऊन विचारायला लागली की आज भजी कसली तळताय.

ऑगस्टच्या शेवटी दोन्ही सायकली तयार झाल्या. वाट्या अशा बसल्या की पायडलला बोट लावलं तर ते बराच वेळ आपोआप फिरत राही. काकांनी न्हाव्याच्या दुकानासमोरून मुद्दाम दोन्ही एकदम ढकलत नेल्या. दॉम्पॉशच्या हातातला वस्तरा थांबला. त्या दिवशी काकांची मान अशी ताठ होती की गिझीकाकू म्हणाल्या, रात्री उशी लागणार नाही याला.

दोघींनी आपापली सायकल घेतली. एटेल्कामावशींनी अक्रोडाचा केक दिला, बोर्बालामावशींनी डझनभर अंडी. काकांनी तीन दिवस दुपारचं सूप गरम प्यायलं.

चौथ्या दिवशी एटेल्कामावशी आल्या. "व्हेंडेल, जड चालते रे."

काकांनी उलटी केली, फिरवली, तेल घातलं. "मावशी, लोण्यासारखी चालतेय."

"जड आहे. मला कळतं."

दुसर्‍या दिवशी बोर्बालामावशी. "आवाज येतोय."

"कसला आवाज?"

"आवाज नाही येत. पण येईल असं वाटतं."

दोन आठवडे हेच. कधी ब्रेक, कधी घंटी, कधी "मडगार्ड माझ्याकडे बघून हलतं". काका घायकुतीला आले. त्यांनी दोन्ही सायकली तीनदा सुट्या केल्या आणि जोडल्या. काहीही सापडलं नाही. आणि दोघी बाराच्याच सुमाराला यायच्या, येऊन बाकावर बसायच्या आणि दाराकडे बघायच्या. एक गेल्यावरच दुसरी येत होती, अकरा वर्षांची सवय. पण एटेल्कामावशी जाताना म्हणायच्या, "ती आली होती का आज? तिचा खोकला कसा आहे?" आणि बोर्बालामावशी विचारायच्या, "काही ठेवून गेलीय का कुणी माझ्यासाठी? म्हणजे चिठ्ठी वगैरे?"

"सायकलच वेगळी आहे आता, तर चिठ्ठी कशात ठेवणार?" काका वैतागून म्हणाले.

"हो, तेही खरं," असं म्हणून मावशी उठल्या. सायकलवर न बसता ढकलत गेल्या.

गिझीकाकू हे चुलीपासून बघत होत्या. मी टेबलाशी पत्रं लावत होते. काकूंनी पळी खाली ठेवली.

"व्हेंडेल. वाट्या काढ."

"कुठल्या?"

"तू बनवलेल्या. दोन्ही. आणि एकच सायकल कर पुन्हा, होती तशी."

काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उभे राहिले. "डोकं फिरलंय का तुझं? सहा महिने! इटली, फ्रान्स, ब्रनो! पंपघर! हंसाची चरबी! आणि मी जाऊन काय सांगू त्यांना?"

"सांग, बसल्या नाहीत. पहिल्याच खड्ड्यात गेल्या."

"बसल्यात! आयुष्यात माझ्या हातून याहून चांगलं काही बसलं नाही!"

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "इल्कालाही माहीत आहे. बस झालं ना आम्हा दोघींना माहीत असलं तर?"

काका अंगणात गेले आणि मोटारसायकलच्या साइडकारमध्ये जाऊन बसले, एकटेच, तासभर.

दुसर्‍या दिवशी बाराच्या आधीच त्यांनी दोघींना निरोप पाठवला. माझ्याचकडून पाठवला, आणि दोघींना एकाच वेळेचा. ते चुकून की मुद्दाम, मला माहीत नाही. त्या दोघी पहिल्यांदा एकाच वेळी त्या अंगणात उभ्या राहिल्या, मधे मोटारसायकल ठेवून. काका टोपी हातात घेऊन म्हणाले, "मावशी, हे होणार नाही."

मी तिथे होते. मी हे ऐकलं. त्यांचे कान असे लाल झाले होते की लहान पोरालाही खोटं कळलं असतं.

"वाट्या टिकायच्या नाहीत. माझंच चुकलं. पोलाद कच्चं निघालं. एकच सायकल चालेल, पाळीपाळीने. माफ करा."

एटेल्कामावशींनी मान हलवली. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि आवाजात इतकं समाधान होतं की काकांनी डोळे मिटून घेतले.

"आवाज येणार हे मी आधीच सांगितलं होतं," बोर्बालामावशी म्हणाल्या. मग मोटारसायकलच्या पलीकडे, पण कुणाकडेही न बघता: "सीट खाली राहू दे. मी आधी नेते. माझी ऑर्गनची तालीम आहे."

"दुपारी ऊन असतं," एटेल्कामावशी हवेत बघत म्हणाल्या. "सकाळची ने तू. मला काय, मी दुपारी जाईन."

अकरा वर्षांत एकमेकींना म्हटलेलं ते पहिलं वाक्य. गिझीकाकूंनी पळी कढईवर जोरात आपटली, म्हणजे कुणी रडत असेल तर ऐकू जाऊ नये. बहुतेक त्याच रडत होत्या.

चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या. मी वाचत राहिले, थोड्या कमी, कारण आता त्या कंटाळवाण्या होत चालल्या होत्या. "साखर संपली असेल तर सांग." "जिरेनियमच्या जागी लॅव्हेंडर लावून बघते." ऑक्टोबरच्या शेवटी एक आली: "दगडवाल्याला विचारलं. नावाखाली एक ओळ बसते. 'आणि बहिणीकडून.' अक्षरं कुठली हवीत ते तू ठरव." ती चिठ्ठी बोर्बालामावशींनी चार दिवस टोपलीतच ठेवली, बाहेर काढलीच नाही. पाचव्या दिवशी खाली लिहिलं: "त्याच्या नावासारखीच. मोठी नकोत."

आता काकांचं. त्यांची गावातली प्रतिष्ठा त्या शरदात जी घसरली ती काही पुरी वर आली नाही. लोकांनी त्यांना सायकली देणं थांबवलं नाही, पण देताना म्हणायला लागले, "वाटीबिटीचं काम असेल तर राहू दे हं काका." दॉम्पॉशच्या दुकानात तर हा कायमचा विनोदच झाला. काका दाढीला गेले की तो साबण फेसता फेसता विचारायचा, "काय व्हेंडेलभाऊ, साडेपस्तीस?" आणि काका तोंडाला फेस असल्यामुळे उत्तर द्यायचे नाहीत, किंवा फेस असल्याचं निमित्त करून द्यायचे नाहीत.

आम्हा तिघांशिवाय फक्त किलियानला खरं काय ते माहीत होतं, कारण त्यानेच ते आटे पाहिले होते. तो दर गुरुवारी काकांना पंपघरात बोलवायला लागला. "लेथ शिकायची आहे" म्हणे. एकदा त्याने दॉम्पॉशच्या दुकानात तोंड उघडलंच होतं: "पण त्या वाट्या तर एकदम परफेक्ट—"

"गप्प बस," काका खुर्चीतून ओरडले. "तुला काय कळतं? त्या बसत नव्हत्या!"

सगळं दुकान हसलं. दॉम्पॉश तर इतका हसला की त्याने काकांची अर्धी मिशी कापली. काका घरी आले, आरशात मिशी पाहिली, उरलेली अर्धीही काढून टाकली. मग सरळ अंगणात जाऊन त्यांनी मोटारसायकलचं इंजिन पूर्ण खोललं. त्या इंजिनला काहीच झालेलं नव्हतं. गिझीकाकूंनी खिडकीतून पाहिलं, सूप परत चुलीवर ठेवलं, आणि चौथा पान्हा शोधून त्यांना नेऊन दिला.